तिघांचा एक अर्ज

३ मार्च, सोमवार
सकाळी सकाळी टेबलासमोर तीन दाढ्या! म्हणजे दोनच. पुजारीबुवा गुळगुळीत. पण बुवा, मौलवी आणि फादर एका बाकावर? कोर्टाच्या पायऱ्यांशी पंचवीस वर्षं टायपिंग करतेय, हे कधी पाहिलं नव्हतं. बाक दोघांचा. फादर अर्धे हवेत.

काम नर्सबाईंचं. नदीपलीकडच्या वस्तीतल्या लोकांची नावं गेल्या महिन्यात सरकारी नोंदीतून काढली. तुम्ही इथले नव्हेच म्हणे! त्यांना सरकारी दवाखान्यात तपासायचं नाही असा हुकूम. नर्सबाईंनी त्यांच्यातल्याच एका अडलेल्या बाईचं बाळंतपण केलं. पाच दिवस झाले, कोठडीत आहेत. बाईंना सोडा, हुकूम मागे घ्या, असा तिघांचा मिळून एक अर्ज.

सुरुवातच होईना. वर कोणाच्या देवाचं नाव घालायचं? पाऊण तास! शेवटी मीच म्हटलं, "वर कलेक्टरसाहेबांचं नाव घाला. अर्ज त्यांना वाचायचाय."

तिघांनी एकदम माना डोलावल्या. हा माझा आजवरचा सर्वांत मोठा धार्मिक विजय.

४ मार्च
अर्ज परत! साहेब म्हणाले, एका अर्जात तीन धर्म बसत नाहीत, वेगवेगळे आणा.
फादर म्हणाले, "बाकावरही बसत नव्हतो, बसलोच ना?"
उद्यापासून तिघं कोठडीच्या फाटकासमोर सतरंजी टाकणार. रोज दहा ते पाच.

६ मार्च
फाटक माझ्या टेबलावरून सरळ दिसतं. फार वाईट सोय. काम होत नाही.
मौलवींना बसल्या बसल्या डुलकी लागते. नमाजाची वेळ झाली की बुवाच कोपराने ढोसतात, "उठा, तुमचं बोलावणं आलं!"
घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्या तिघांना काही कामधंदा नाही. आणि बघत बसणारीलाही नाही."

७ मार्च
ऊन. छत्री एक, डोकी तीन. पाळीपाळीने धरतात आणि पाळीवरून भांडतात.

१० मार्च, सोमवार
बुवा आलेच नाहीत.
त्यांची बायको टेबलाशी येऊन हळूच सांगून गेली. शनिवारी साहेबांनी बुवांना एकट्यालाच बोलावलं होतं. "तुमच्यातल्या एकाचंही नाव काढलेलं नाही, मग तुम्ही कशाला उन्हात? मुलाची नोकरी सरकारी आहे ना?" चहा पाजून विचारलं म्हणे.
वाईट वाटलं. राग आला. मग वाटलं, मी तरी कुठे त्या सतरंजीवर बसलेय?
दुपारी मौलवी आणि फादर बुवांच्या घराकडे निघाले. आता घालतील समजूत, म्हटलं.

११ मार्च
बुवा नऊलाच हजर! दोघांच्या आधी! मी पाणी घेऊन गेले तर स्वतःच सुरू झाले.
"दोघं आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, बुवा, आला नाहीत तरी आमचा राग नाही. राग नाही म्हणाले हो! भांडले असते तर खुशाल घरी बसलो असतो."
"आणि मुलगा?"
"तो म्हणाला, बाबा, नोकरी माझी आणि घाम तुम्हाला?"
मी हसले खूप. टेबलाशी परत येऊन एका पानात सात चुका केल्या. डोळ्यांत सारखं पाणी. टाइप दिसेना.

१३ मार्च
मौलवी आणि फादर बुद्धिबळावरून अबोला धरून आहेत. शेजारी शेजारी बसून! निरोप बुवा पोचवतात. प्यादं नक्की कोणी हलवलं ते कोणीच सांगत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
नर्सबाई सुटल्या!! कोर्टाने सोडलं. आम्ही अख्ख्या पायऱ्या रिकाम्या करून फाटकाशी धावलो. बाई वाळल्यात. बुवांनी भाषण काढलं खिशातून. दोन पानी! बाईंनी हात वर केला. "आधी सांगा, बाळ कसं आहे?"
बरं आहे. मुलगी आहे. फादर बघून आले होते.
वस्तीचा हुकूम मात्र कायम. एकही नाव परत घेतलं नाही. मला वाटलं, आता हे तिघं दमून घरी जातील. कसले जातात! पुन्हा सतरंजीवर.

१५ मार्च
हे फाटकाशी बसून लिहितेय. सकाळी तिघांना आत घातलं. मौलवींची एक चप्पल रस्त्यातच राहिली. सतरंजी तशीच पडली होती. झटकली आणि बसले. टेबल उघडलंच नाही.
आत्ता सासूबाई आल्या. म्हटलं, आता ओढून घरी नेणार.
चपला काढल्या. म्हणाल्या, "सरक."