मांजर फिरवायची नोकरी

१२ ऑक्टोबर, रविवार

आणि वर बा म्हणतो, चूक माझीच! मी इथं पुण्यात लोकांची भांडी घासायची, फरशी पुसायची, आणि रविनानं रोज सकाळची एसटी पकडून जव्हारला जायचं — शिवणक्लासला! मग नागली कापायची कुणी? आयचे गुडघे गेलेत. मी धाकट्याला, दिपेशला, सांगून ठेवलं होतं, तिला गाडीभाडं देऊ नको. दिपेश ऐकतो. तर ही बाशी भांडली. आणि बा मलाच फोनवर — "तुझी बायको तू सांभाळ. आम्ही काय राखण करायला बसलोय?"

सांभाळ म्हणे. इथून कशी सांभाळू? फोनमधनं हात घालू?

बायको म्हणायची, पण लगीन अजून लागायचं आहे. आमच्यात तसंच असतं. मुलीच्या बापाला देज द्यायचं, मुलगी घरी आणायची, संसार सुरू. लगीन पैसा जमेल तेव्हा. तिच्या बापाच्या हातात, नवसूच्या हातात, देज मी ठेवलं. माझ्या घामाचं. बाचा एक पैसा नाही त्यात. मग शब्द माझा चालायला नको?

१३ ऑक्टोबर

मॅडमनी नवं काम काढलं. मांजर फिरवायचं! कुत्र्यासारखा पट्टा लावून, खाली बागेत. मी हसलो. "हसू नकोस, सिरियसली सांगतेय."

मांजरीचं नाव ऑलिव. म्हणे फळाचं नाव आहे. आमच्याकडं मांजराला मांजरच म्हणतात. ही दिवसभर खिडकीच्या जाळीला नखं लावून बसते, नाहीतर खाते. जाडी झालीय. डॉक्टर म्हणाले बाहेर न्या. पट्टा नुसता गळ्यात नाही, जाकिटासारखा आहे, पोटाखालनं बक्कल. गुलाबी.

पहिले चार दिवस तो तिच्या ताटलीजवळ नुसता ठेवायचा. वास घेऊ दे. घालायचा नाही. चार दिवस वास! मला कामाला ठेवलं तेव्हा एका सकाळीत गॅस, वॉशिंग मशीन, इस्त्री, सगळं दाखवून ह्या ऑफिसला गेल्या होत्या.

१५ ऑक्टोबर

रविनानं फोन उचलला नाही. आयला लावला. "ती कठं?" "नागलीत." मग तिलाच दे म्हटलं.

"काय?" — एवढंच.

"क्लासला गेलतीस?"

"नाय. भाडं कुठनं आणू?"

"बरं झालं."

मग ती बोलली ते डोक्यातनं जात नाही. "तुझ्या घरात आठ महिने झाले. आयला विचारतोस ती जेवली का. दिपेशला विचारतोस ती कठं गेली. मला विचार ना. मी काय फोनमधनं चावते?"

मी फोन ठेवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वाघबारस. गावात आज वाघदेवाला शेंदूर, नारळ. गुराखी पोरं ओरडून रान डोक्यावर घेत असतील. आणि मी इथं वाघाच्या मावशीला गुलाबी जाकीट घालतोय!

घातलं तर आडवी पडली. ओल्या फडक्यासारखी. उभी करावी तर पाय नाहीतच जणू. मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदा असंच होतं. तिला वाटतं कुणीतरी दाबून धरलंय. खाऊ घाल, काढून टाक, उद्या परत." पट्ट्याच्या आत दोन बोटं गेली पाहिजेत. तेवढा सैल.

दिवाळीची सुट्टी मागितली. मॅडम बंगलोरला जाणार. "तू पण गेलास तर ऑलिवचं कोण बघणार?" बक्षिशी देते म्हणाल्या. राहिलो. बाला सांगितलं तर — "मांजरासाठी? अरे मांजरासाठी सण सोडलास?" मागं सगळे हसत होते. दिपेशचं हसणं ओळखलं. आयचं ओळखलं. रविनाचं ऐकू आलं नाही.

२० ऑक्टोबर

जाकीट घालून चालली. स्वयंपाकघर ते खिडकी. खाली फटाके. परत पलंगाखाली.

२५ ऑक्टोबर

रविना गेली!

भाऊबीजेला माहेरी गेली ती परत नाही. दिपेश आणायला गेला. तिनं आत पण घेतलं नाही म्हणे, ओट्यावरनंच — "त्याला सांग, मी येणार नाय." मी विचारलं, रडत होती का? "नाय दादा. तांदूळ निवडत होती."

तांदूळ निवडत होती! मी इथं दुसऱ्याचं घर झाडतो ते कुणासाठी? नवी साडी पाठवली ती कुणासाठी? मोबाइल घेऊन दिला तो कशाला — न उचलायला?

आय म्हणते, "नवं मांजर आणलं की आठ दिवस चुलीपाशी बांधून ठेवावं लागतं. मग कुठं जात नाय. ही आल्या आल्या मोकळी सोडलीस तिथंच चुकलं." खरं आहे. एवढी मांजरं झाली आमच्याकडं, आयनं बांधलेलं एक पळालं नाही.

२७ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा खाली. टोपलीतनं नेली. मॅडम वरनं, गॅलरीतनं बघत. "ओढायचं नाही हां! ती थांबली की थांब. ती वळली की वळ." मग फिरायला कोण निघालंय? गेटवरचा म्हातारा वॉचमन म्हणाला, "काय रे, तिनं तुला फिरवायला आणलंय होय?" दोन ड्रायव्हर होते, ते पण हसले.

मॅडम आत गेल्यावर एक हिसका दिला. झालं! परत ओलं फडकं. उचलून आणली.

३० ऑक्टोबर

बाग नको म्हणते. झुडपाखाली शिरून बसते, मी उभा. येणारे जाणारे फोटो काढतात. मांजराचा काढतात, माझे पाय येतात.

रविवारी पंच बसणार आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार

हात दुखतोय तरी लिहितो.

मॅडम मैत्रिणीकडं. मी ऑलिवला घेऊन खाली. डोकं सगळं गावाकडं, कारण आज आमच्या पाड्यावर पंच. मग म्हटलं, हे ती थांबली की थांब कशाला? आयची रीत करू. पट्टा बाकाच्या पायाला बांधला, पक्की गाठ. बस इथं, सवय होईल.

तेवढ्यात दिपेशचा फोन. बागेत कुणाचा तरी वाढदिवस, स्पीकर लावलेला. गेटकडं गेलो.

"दादा, झालं. ती येत नाय म्हणते. पंच म्हणाले, मग देज परत. नवसूनं खाली बघूनच हो म्हटलं."

"ती काय बोलली?"

"पंचांनी विचारलं, मारतो का? नाय म्हणाली. उपाशी ठेवतात? नाय. मग झालं काय? तर म्हणते, तिथं माझ्याशी कुणी बोलत नाय! सगळे हसले दादा. एक म्हातारा म्हणाला, अरे बुध्या, सुनेला एक रेडिओ घ्यायचास!"

बाची पण थट्टा झाली. मी पण हसलो. खरंच हसलो, वॉचमन बघत होता.

परत आलो तर बाकाला जाकीट. बक्कल लावलेलं, गाठ पक्की, आत मांजर नाही! एक कुत्रा झुडपं हुंगत होता. मागं सरकून सरकून निघाली असणार.

पार्किंग, जिना, कचऱ्याची खोली, सगळं पालथं घातलं. शेवटी पंपाच्या खोलीत, पाइपामागं, दोन डोळे. हाका मारल्या. खाऊची पिशवी हलवली. हात घातला तर मनगटावर ही तीन नखं! मग उंबऱ्यातच बसलो. एका दुपारी बायको गेली, नोकरी पण जाणार. जा म्हटलं, मर तिथंच.

ती मरेना, मी उठेना. मग बोलायला लागलो. आमच्या घरच्या बोलीत. इथं आल्यापासनं ती बोली तोंडात आली नव्हती — मॅडमशी त्यांच्यासारखं बोलायचं, वॉचमनशी हिंदी, फोनवर नुसते हिशोब. काय काय बोललो! खोडाळ्याच्या बाजाराचं. ओढ्यातल्या खेकड्यांचं. रविना पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा भाकर करपवली आणि करपलेली स्वतःच खाऊन टाकली, कुणाला दाखवली नाही, ते. मला दिसलं होतं. तिला कधी सांगितलं नाही.

ऑलिव आली. मांडीवर नाही. हातभर अंतर ठेवून बसली. जाकीट माझ्या खिशात होतं, काढलं नाही. तिनं वर जिना धरला, मी मागनं.

४ नोव्हेंबर

देज आलं. नवसूनं सगळं, अठरा हजार, एकदम दिलं, दिपेशनं माझ्या खात्यात टाकलं. बा म्हणतो, पैसे तसेच ठेव, सूर्यमाळकडं एक मुलगी आहे, कामाला वाघीण.

नवसूकडं एवढे कुठनं आले विचारलं नाही. मला काय!

८ नोव्हेंबर

मॅडमना ओरखडे दिसले. खरं सांगितलं. खूप बोलल्या. बांधून ठेवलं याचंच जास्त. "तुला कुणी बांधून निघून गेलं तर?" मी म्हटलं, मॅडम, दिवाळीला मी कुठं होतो? त्या म्हणाल्या, तसं नव्हतं ते. मग अजून बोलल्या.

कामावरनं काढलं नाही पण.

१० नोव्हेंबर

आज कुंपणाच्या भिंतीपर्यंत. पट्टा सैल, ती पुढं, मी मागं. थांबली, थांबलो. वॉचमन हसला. हसू दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिपेशचा फोन. सहज बोलता बोलता म्हणाला, रविना वीटभट्टीला चालली. नवसूनं देज परत करायला भट्टीवाल्याची उचल घेतली होती, ती आता फेडायची. ती आणि तिची आय. शनिवारी टेम्पो येणार, मग पावसाळ्यापर्यंत तिकडंच.

"आणि क्लास?"

"क्लास कसला दादा. तुला काय करायचं? तुझे आले ना?"

आले. माझे आले. बरं झालं, जाऊ दे भट्टीला, कळेल — असं लिहितोय आणि वाचून बघतोय. आय जायची भट्टीला. गुडघे तिथंच ठेवून आली. मी तिच्या बरोबर असायचो, विटांच्या ओळीत झोपायचो. मला माहीत नाही असं नाही.

पंच म्हणाले तसंच झालं सगळं. कुणी म्हणणार नाही मी वाईट केलं. तेच टोचतंय.

१३ नोव्हेंबर

रविनाला फोन केला. उचलला!

"जेवलीस का?"

"कोण?"

"मी."

"काय झालं? कोण मेलं?"

"कुणी नाय. तुलाच केलाय."

मग मांजराचं सांगितलं. पट्टा, जाकीट, पंपाची खोली, सगळं. "मांजराला जाकीट!" म्हणाली. हसली. मला वाटतं मी तिचं हसणं फोनवर पहिल्यांदाच ऐकलं. "मग चालते?"

"चालते. ओढलं नाय तर."

मग तीच म्हणाली, "गोड बोलून नेशील असं वाटत असेल तर ऐक. मी येणार नाय. भट्टीवरनं सुटले तरी येणार नाय."

"ऐकलं."

"राग आला?"

आला होता. अजून आहे. बाला वाटतं मी तिला सोडलं. तिनं मला सोडलंय. हो म्हटलं, आला. ती म्हणाली, "खरं बोललास." करपलेल्या भाकरीचं सांगायचं राहिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या टेम्पो यायच्या आत उचल परत गेली पाहिजे. बाला सांगितलं नाही, दिपेशला नाही. नवसूच्या नाही, तिच्या स्वतःच्या खात्यावर. परत ये म्हणून नाही, हे तिला दोनदा सांगितलं. पाठवतोय — अठरा हजार.