बेहड्याखालच्या ताज्या बिया

रविवार, २५ मार्च १९८४
रत्नागिरी

धोंडूकाकांनी त्या बिया का झाकल्या, हेच दिवसभर डोक्यात. धनेशाचं घरटं बघायला आम्ही वीसेक जण संगमेश्वराकडच्या देवराईत गेलो. काका आमचे वाटाडे. आत शिरण्याआधी त्यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, पुटपुटत. मग ढोलीच्या बेहड्याखाली थांबून म्हणाले, "औंदा मादी बसली नाय."

खोटं! खाली ताज्या बिया होत्या. नर ढोलीतल्या मादीला फळं भरवतो, तेव्हाच बिया अशा पडतात. काकांनी बोलता बोलता पायानं पाचोळा ओढला त्यांच्यावर. मला वाटलं, म्हातारा पिल्लं विकतो की काय?

परतीच्या एस्टीची वाट बघताना त्यांना गाठलंच. "काका, बिया का झाकल्यात?"

चपापले नाहीत. उलट मलाच विचारलं, "तो निळ्या टोपीवाला तुमचा कोण? पाखराकडं एकदापण बघितलान नाय. येतानाच नुसत्या वाटेच्या खुणा वहीत लिवल्यान. म्हणून तर देवाला सांगितलं, आज यांना काय दिसू देऊ नको."

एस्टीत मी सरांना विचारलं. सहल त्यांनीच काढलेली. ते म्हणाले, "अहो, मला वाटलं तो तुमच्याबरोबर आलाय!"

निळी टोपी एस्टीत नव्हतीच. मागेच राहिली होती.

आणि त्या बियांचं मी दुपारी डबा खाताना एकालाच सांगितलं होतं. शेजारी बसला होता म्हणून. त्यालाच.