बिनतारखेचे सतरा कागद

मी, पिराजी जोतीराम वागवेकर, वय एकोणऐंशी, धंदा शेती आणि राजकारण, राहणार मौजे धामणेवाडी, जिल्हा कोल्हापूर, हा कागद माझ्या हातानं लिहितो आहे. कुणी दम दिलेला नाही, कुणी पाजलेली नाही. गुडघे गेले, दात गेले, पण डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉ. स्नेहल चव्हाण यांनी दिला आहे. तो सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा उद्या म्हणणार, आण्णांना भ्रम झालता.

मी बत्तीस वर्षं तालुका पक्षाचा अध्यक्ष होतो. पक्षाचं नाव लिहीत नाही. ते मी निम्म्या तालुक्याच्या भिंतींवर स्वतः उभं राहून रंगवून घेतलं आहे, आता या कागदावर फुकट लिहिणार नाही. गेल्या श्रावणात माझा सत्कार आहे म्हणून मला सभागृहात नेलं. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग उपाध्यक्ष आकाराम उठला आणि त्यानं माझा राजीनामा वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मी फेटा बांधून बसलेलो, तोंड उघडेपर्यंत माझा मुलगा अमरसिंह अध्यक्ष झाला होता. राजीनामा खोटा नव्हता. सही माझीच होती, बत्तीस वर्षांपूर्वीची.

हे कसं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं एक पद्धत आहे. ती मीच पाडली. कुणाला सभापती करा, चेअरमन करा, आधी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची आणि राजीनाम्यावर सही करायची. तारखेची जागा मोकळी. कागद माझ्याकडं. माणूस सरळ वागला तर कागद डब्यात पडून राहील, वाकडा गेला तर मी तारीख घालणार. मसुदा माझा: "मी सध्या धारण करीत असलेल्या पदाचा राजीनामा देत आहे." कुठलं पद ते लिहायचंच नाही, म्हणजे माणूस कुठंही चढला तरी कागद चालतो. पहिल्याच बैठकीत कोण तरी मागून बोललं, अध्यक्ष तेवढा सुटला की! मी तिथल्या तिथं माझा कागद लिहिला, सही केली आणि सगळ्यांदेखत बायकोच्या हातात दिला. म्हटलं, "देवघरात ठेव. मी पायरी सोडली तर तारीख घाल." काय टाळ्या पडल्या त्या दिवशी!

तो कागद देवघरातून चोरला गेला, आणि चोर घरातले आहेत. ते ध्यानात धरून पुढची व्यवस्था करतो.

कलम पहिलं. राहतं घर माझी पत्नी विठाबाई हिच्याकडं, ती आहे तोवर. तिला तिथून कुणी हलवायचं नाही. सोप्यातली माझी सागवानी खुर्ची मात्र घरात राहणार नाही. अमरसिंह तिच्यावर डोळा ठेवून आहे, सुनेनं गादीसुद्धा शिवायला टाकली आहे. माझं सरण शेणींचं रचावं आणि त्यावर ती खुर्ची ठेवावी. गादी सुनेनं ठेवून घ्यावी.

कलम दुसरं. माझ्या अंगावर पक्षाचा झेंडा घालू नये. रक्षाविसर्जनाला भाषणं नकोत. आकारामला रडू आलं तर रडू द्यावं, त्याला ते कधीही येतं. पण माईक देऊ नये. घेतलाच तर लाईट घालवावी.

कलम तिसरं. वडिलोपार्जित साडेतीन एकर उसाच्या रानात अमरसिंहाचा जन्मानं हिस्सा आहे, तो मला तोडता येत नाही, असं वकील बाळासो म्हणतात. मी त्यांना तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच म्हणाले. रस्त्याकडंचा माळ मात्र माझ्या कमाईचा. तिथं अमरसिंहाला मंगल कार्यालय बांधायचं आहे, कमानीचं चित्रसुद्धा काढून आणलं आहे. त्या माळातली दहा गुंठे जागा मी बौद्ध वस्तीच्या पाण्याच्या टाकीसाठी देतो. उरलेला माळ विठाबाईला. कार्यालय बांधलंच तर वऱ्हाडी मंडळींना टाकी दिसावी आणि टाकी कुणामुळं झाली ते विचारावं.

कलम चौथं. कापशीचं माझं करकरीत पायताण, एक जोड. आकारामनं सत्तावीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ते उचलून गाडीत ठेवलं. मी सांगायचो, आकाराम, असू दे रे. तो म्हणायचा, "न्हाय आण्णा, ह्येच माझं पद." म्हणून डावं पायताण आकारामला देतो. उजवं अमरसिंहाला. दोघांनी मिळून पक्ष चालवायला घेतलाच आहे, तर मिळून चालावं. सत्काराचा फेटा, शाल आणि नारळही अमरसिंहालाच. नारळ एव्हाना कुजला असेल.

कलम पाचवं. हे महत्त्वाचं. माझ्या कपाटात पत्र्याचा निळा डबा आहे, त्यात बिनतारखेचे सतरा राजीनामे आहेत. एक अमरसिंहाचा. दूध संघात चेअरमन केलं तेव्हा घेतलेला, पण मसुदा वर सांगितला तोच, म्हणजे आजच्या अध्यक्षपदालाही चालतो. एक आकारामचा. हा डबा, किल्लीसह, मी श्रीमती शेवंताबाई कांबळे यांना देतो.

त्या कोण ते नव्या लोकांना ठाऊक नसेल. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या राखीव जागेवर सभापती झाल्या. पाण्याची टाकी मला आमच्या आळीत हवी होती, त्या म्हणाल्या बौद्ध वस्तीतच होणार. पाचव्या महिन्यात मी त्यांच्या कागदावर तारीख घातली. त्या घरी आल्या, उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आण्णा, सही माझी हाय. तारीख माझी न्हाय." मी चहा घ्या म्हटलं. घेतला नाही.

आता सगळ्यांच्या तारखा त्यांच्या हातात. आज घालाव्यात, दहा वर्षांनी घालाव्यात, की कधीच घालू नयेत, मला विचारायची गरज नाही. अमरसिंहाला रोज सकाळी उठल्यावर आठवावं की डबा कुणाच्या घरात आहे. एवढं झालं तरी मला पुष्कळ.

डब्यात त्यांच्या सुनेचा, साक्षीचाही कागद आहे. ती या वर्षी सभापती झाली आणि चार महिन्यांत माझ्याशी वाद घालायला लागली. सासूचा गुण! तिचा कागद मी श्रावणात बाहेर काढला होता, तारीख घालणार तोवर सत्कार आडवा आला. तो आता सासूच्या हातात जाईल.

इथवर लिहून झालं तेव्हा वकील बाळासो माझ्या राजीनाम्याची झेरॉक्स घेऊन आले. मीच मागवली होती. चोरीची केस करायची होती, अमरसिंह आणि आकाराम दोघांना पिंजऱ्यात उभं करायचं होतं. सभागृहात मी तो कागद लांबूनच पाहिला होता. आता चष्मा लावून पाहिला.

तारखेचे आकडे अमरसिंहाचे नव्हते. आकारामचेही नव्हते. मागं झुकलेले, जड हातानं दाबून काढलेले. हे आकडे मी पन्नास वर्षं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघतो आहे. म्हैस कधी फळली, कधी व्याली, त्या तारखा विठाबाई लिहिते.

कलम सहावं, विठाबाईबाबत.

मी तिला हाक मारली. ती पीठ मळत होती, तशाच हातानं आली. मी कागद दाखवला. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली, "व्हय, म्याच घातली की. आन् म्याच अमरला दिला."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, वकील बाहेर जाऊन उभे राहिले एवढं पुरे.

ती म्हणाली, "बत्तीस वर्सं तुम्ही दुसऱ्याच्या कागदावर तारखा घातलासा. माझ्याकडं एकच कागद हुता. शेवंताबाईच्या येळंलाच घालायची हुती, तवा माझा हात झाला न्हाय. आता तिच्या सुनंचा कागद टेबलावर दिसला. म्हटलं, आता न्हाय तर कवाच न्हाय. तुम्हीच म्हणलासा न्हवं, पायरी सोडली तर घाल म्हणून?" आणि पीठ वाळतंय म्हणून आत गेली.

माझ्यावर आजवर पाच वेळा अविश्वास ठराव आला. पाचही मी पाडले. या बाईनं एका ओळीत मला घरी बसवलं.

वरची कलमं मी खोडणार नाही. अमरसिंहानं चोरी केली नसेल, पण तोंडावर येऊन सांगितलं नाही. बापाला फेटा बांधून बसवला. पायताण त्यालाच मिळेल, उजवंच.

विठाबाईला काय द्यावं यावर चार दिवस विचार केला. घर दिलं आहे, माळ दिला आहे, ते परत घ्यावं असंही मनात आलं. मग तिला शोभेल असं एक सुचलं. तिला मी हा कागद देतो. यावर मी सही करतो, तारीख घालत नाही. बाळासो म्हणाले, आण्णा, तारीख नसली तर कोर्टात नसता वाद होईल. मी म्हटलं, होऊ दे.

विठाबाई, हा कागद देवघरात त्याच जागी ठेव. तारीख घातलीस तर तुझ्या पोराला एक पायताण मिळेल आणि त्याची खुर्ची जन्मभर शेवंताबाईच्या डब्यात राहील. नाही घातलीस, चुलीत घातलास, तर कपाटाची किल्ली पोराच्या हातात जाईल, डबा त्याचा होईल, आणि त्या डब्यात साक्षीचा कागद आहे. माझ्या वेळी न्याय करताना तुझा हात कापला नाही. आता पोटच्या पोरावर कर. मी डोळे मिटायच्या आत काय ते ठरव. मी विचारणार नाही. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावतेस तेव्हा तुझ्याकडं बघत बसेन, एवढंच.

सही : पिराजी जोतीराम वागवेकर

साक्षीदार :

१. डॉ. स्नेहल चव्हाण. आण्णांनी आमच्या दोघांच्या समोर, शुद्धीत व रागात सही केली.

२. ॲड. बाळासो नलगे. तारीख घालण्याची विनंती मी दोन वेळा केली. "ते माझं काम राहिलं न्हाय," असं उत्तर मिळालं.

ठिकाण : मौजे धामणेवाडी, जिल्हा कोल्हापूर

दिनांक : ही जागा विठाबाईची.