फिर्यादीचा दात

३ बहमन १३४५ फसली (डिसेंबर १९३५), अंबड
आज न्यायदानावर घोर संकट. कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून मी अशिलांना धीर आणि स्वतःला सावली देतो, ती जागा एका बैलाने बळकावली. उठवायला गेलो तर माझ्या शेरवानीला नाक पुसलं.
बैल अशिलाचाच निघाला. दगडूबा, साठीतला कुणबी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाने, सखारामने, तोंडावर ठोसा मारला, दात पडला. दात फडक्यात बांधून आणलेला. दागिना दाखवावा तसा दाखवला. फिर्याद दाखल.
“गाडी कुणी हाकली?”
“सख्यानंच. बैलजोडी दोघांत एकच हाये.”
आरोपी गाडीच्या सावलीत भाकरी खात होता.

११ बहमन
दगडूबाचा राग उतरला. राजीनामा, म्हणजे आपसात तडजोड, करायचीय. समजावलं: साधी मारहाण असती तर तुम्ही दोघांनीच मिटवली असती. दात पडला की कायद्याने ती जबर दुखापत. मुन्सिफसाहेबांच्या परवानगीशिवाय मिटत नाही आणि ते परवानगी देईनात. सख्याला कैद होईल.
“मंग दात वापस घेता येत न्हाई का, वकीलसाब?”
म्हटलं, तो कोर्टात जमा आहे.
“तसा न्हाई. फिर्यादीतून.”
ओठांवर आलेला विनोद गिळला. फार क्वचित गिळतो.
“माय गेली तवा सख्या रांगत व्हता. हिनंच वाढवला त्याला.”
ही म्हणजे बायको, यशोदाबाई. बोलवा म्हटलं साक्षीला, तिचं ऐकून साहेब विरघळले तर बघू.

१९ बहमन
साहेब उर्दूत विचारतात, पेशकार, म्हणजे त्यांचा कारकून, मराठी करतो. यशोदाबाई दोघांकडेही न बघता:
“दात दसऱ्याच्या आधीपासून हालून राह्यला, साहेब. मी भाकर दुधात कुस्करून देते. ह्यांना वाटतं मला ठावं न्हाई. मी बी बोलले न्हाई. माणसाला वाईट वाटतं.”
दगडूबाने पटका पुढे ओढला. अख्खं गाव मागे उभं. साहेबांनी विचारलं, सच है? दगडूबा पटक्याआडून,
“हालत व्हता.” आणि हळूच, “चांगलाच हालत व्हता.”
हलता दात पाडला तर दुखापत जबर की साधी? साहेबांनी दाढी खाजवली. हुकूम पुढच्या तारखेला. माझं घोकलेलं भाषण वाया, कोर्टाचं नशीब.
बाहेर सखाराम वहिनीकडे बघेना. ती म्हणाली, “सख्या, बंडी उसवली. घरी काढून ठीव.”

२ इस्फंदार
साहेब दौऱ्यावर. पुन्हा तारीख. कैद की सुटका, अजून…
दोघे भाऊ कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला, शेजारच्या बाकावर मी. सखारामने दादाचा चहा बशीत ओतला, फुंकला, पुढे सारला. मग चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून जुंपली.
“मोठा मी हाये.”
“मारलं कुनी? मंग मीच देनार.”
“आरोपीचा चहा मी पित न्हाई.”
“पिलास की आत्ता.”
यशोदाबाई गाडीतून म्हणाली, घरी जाऊन भांडा. दोघे तणतणत गेले, एकाच गाडीत बसले. पैसे कुणीच दिले नाहीत. हॉटेलवाला हाक मारणार होता. त्याला हाताने थांबवलं, मीच दिले.