हर्नियाचा बहाणा

३ नोव्हेंबर
सही केली! ऑपरेशनच्या संमतीपत्रावर, एकसष्टाव्या वर्षी. सहा वर्षं झाली लिंग वाकडं होऊन, चार वर्षं झाली ते उठणंच बंद होऊन. तेव्हापासून मुलाच्या रिकाम्या खोलीत झोपतो — "घोरतो ना मी, तुझी झोपमोड नको." मिग्दालियानं उशी-चादर आणून दिली होती. बायको भांडत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

डॉक्टर म्हणाले, "इंचभर छेद. आत दोन नळ्या, अंडकोशात छोटा पंप. वाकही काढू. संध्याकाळी घरी." घरी सांगितलंय — हर्निया. आजाऱ्यांच्या संताला, सान लाझारोला नवस बोललोय: नीट झालं तर सतरा डिसेंबरला, तुझ्या दिवशी, तुझ्या चर्चला अनवाणी येईन.

६ नोव्हेंबर
झालं. सरळ!! पट्टीतूनही कळतं. मांडीवर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी. "अरे, ते माझे भातातले वाटाणे!" — मिग्दालिया.

८ नोव्हेंबर
डॉमिनोचा जोडीदार ओरेस्तेस आला. बसायच्या आधीच शर्ट वर करून स्वतःच्या हर्नियाची खूण दाखवली. "आता तुझी दाखव की लेका!" मी पायजमा घट्ट धरून बसलो. "बायकोलाही दाखवत नाहीस? कसला रे हा हर्निया?" तो हसला. मिग्दालिया हसली नाही.

२० नोव्हेंबर
नर्स युस्लेदीनं पंप शिकवला. चार-पाचदा दाबला — आणि उभं राहिलं! रडलो, खरंच. "हे दोघांनी शिकायचं असतं, काका. काकू कुठायत?" म्हटलं, कामात आहे. स्वतःचीच लाज वाटली. अजून चार आठवडे धीर धरायचाय.

२ डिसेंबर
मिग्दालियानं कॉफी सोडली! दिवसाला पाच कप पिणारी बाई. "पोट बिघडलंय," म्हणे.

१७ डिसेंबर
अनवाणी गेलो. चर्चच्या रांगेत पुढे नवसाचा जांभळा झगा, अनवाणी पाय — टाचा ओळखीच्या. मिग्दालिया! तिला मूत्रविकार दवाखान्याचा कागद सापडला होता. कॅन्सरच धरून चालली होती. मी बरा होईपर्यंत कॉफी बंद, हा तिचा नवस!

तिथंच, रांगेत, सगळं सांगून टाकलं. हातातल्या फुलांच्या जुडीनं तिनं मला बडवलं. मागची म्हातारी म्हणाली, "आणखी दोन घाल!" मग मिग्दालिया रडायलाच लागली. "मूर्खा, चार वर्षं मला वाटत होतं, मीच तुला नकोशी झाले."

१८ डिसेंबर
सकाळी कॉफीचा वास. मिग्दालिया फोनवर: "युस्लेदी ना? मी एवेलियोची बायको. मलाही शिकायचंय तो पंप. आजच."