म्हातारीचे दिवे

मंगळवार, ३ डिसेंबर

चार्जिंगचा लाल दिवा आज विझलाच नाही! गाडी सुरू झाली की तो विझायला हवा. आज गोदामापासून घरापर्यंत डोळे वटारून बसला होता. म्हणजे अल्टरनेटर बॅटरीला वीज देत नाही — निदान दिव्याचं म्हणणं तसं.

वडिलांनी शिकवलेली परीक्षा घेतली. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची. इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर मेला, चालू राहिलं तर ठणठणीत. म्हातारी धडधडत राहिली. म्हातारी म्हणजे माझा ट्रक — नाव मेहुण्याने ठेवलेलं. तेव्हा अल्टरनेटर ठीक आहे. दोष बॅटऱ्यांचाच.

दर शुक्रवारप्रमाणे ऑक्सिजनचे सिलिंडर न्यायचे आहेत, डोंगरापलीकडच्या दवाखान्यात. दिवस वर आला की बोगद्यातून जड गाड्या सोडत नाहीत, म्हणून अंधारातच निघावं लागतं. धुकं, वळणं, एका बाजूला दरी. दिवे गेले की आपणही गेलोच.

मेहुणा दारातूनच म्हणाला, "दाजी, म्हातारीला आराम द्या आणि मला स्टिअरिंग द्या. दोघांचंही भलं होईल." त्याचा हात चांगला आहे, तोंड नाही. त्या रस्त्यावर ही गाडी माझ्याशिवाय कुणी चालवलेली नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

दोन्ही बॅटऱ्या दुकानातून चार्ज करून आणल्या. लाल दिवा तसाच. पुन्हा तार काढून पाहिली. इंजिन चालूच! मग बिघडलंय काय? तो लाल दिवाच खोटं बोलत असणार.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. ज्योतीभोवती पुन्हा ते कडं दिसलं. आत निळसर, बाहेर तांबूस. बरेच दिवस दिसतंय. घरात हिला सांगितलेलं नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की हातच्या जातात. मी काही मोठा भक्त नव्हे, पण मिळालंय ते जपावं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

अक्षर सरळ येत नाहीये.

बोगद्याच्या तोंडाशी दिवे पिवळे पडले. आत शिरलो तर काडी पेटवल्याएवढा उजेड. वायपर काचेच्या मधोमध थांबले. हॉर्न दाबला तर मांजर खोकल्यासारखा आवाज! बोगदा संपल्यावरच्या वळणावर कडेला पांढरे दगड आहेत, त्यांच्या भरवशावर मी वळतो. आज दगड आलेच नाहीत. वाट बघतोय, बघतोय — आणि पुढचं चाक खडीवर सरकलं. तोंडात देवाचं नाव, पाय ब्रेकवर. मागे सगळे सिलिंडर एकमेकांवर खणखणले.

टॉर्च घेऊन उतरलो. पांढरा दगड चाकाच्या मागे होता. मी तो ओलांडून पुढे आलो होतो. चाकापुढे जमीन होती, पण पाऊल टाकावं इतकीही नाही.

उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. दवाखान्यात पोचलो तर सिस्टर फाटकातच उभी. "काका, शेवटचं सिलिंडर लावलंय हो!" आवाजात राग नव्हता, भीती होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी, नाकाला नळी. तिने पडल्या पडल्या मला हात जोडले. मला! मान वर करवली नाही.

हिला एवढंच सांगितलं — दिवे जरा मंद होते.

शनिवार, ७ डिसेंबर

काजव्याकडे गेलो. गाड्यांच्या विजेचं काम करतो. बारीक टॉर्च दातांत धरून इंजिनात डोकं घालतो, म्हणून सगळे काजवाच म्हणतात. त्या टॉर्चमुळेच त्याचं निम्मं बोलणं कळत नाही.

"हट्टा हैल आहे."

"काय?"

टॉर्च काढून म्हणाला, "पट्टा सैल आहे, भाऊ. पण तेवढ्याने भागायचं नाही."

इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. अठ्ठावीस व्होल्टच्या आसपास हवं, तिथे चोवीससुद्धा नाही. हेडलाइट लावले की आकडा आणखी घसरायचा. अल्टरनेटर उतरवून उघडला. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे, झिजलेले — ते वयाने. पण डायोडही जळालेले. डायोड म्हणजे, त्याच्या भाषेत, विजेला बाहेर जाऊ देणारं आणि परत न घेणारं दार.

"हे असे एकदम जात नाहीत. इंजिन चालू असताना तार काढून बघता की काय?"

मी जरा ऐटीतच हो म्हटलं. वडिलांची विद्या!

त्याने कपाळावर हात मारला. "अहो, ती जुन्या डायनामोच्या काळातली रीत! आणि हे डिझेल इंजिन. चालायला लागलं की त्याला बॅटरी लागतच नाही. तार काढा, नाहीतर बॅटरी घरी नेऊन ठेवा, ते चालणारच. कुणी नापासच होत नाही ती परीक्षा कसली?"

तार सुटली की विजेचा उलटा झटका बसतो, त्यात डायोड जातात. म्हणजे आधी फक्त कार्बन झिजले होते. डायोड मी मारले. तपासायला गेलो आणि त्याचाच जीव घेऊन आलो.

रविवार, ८ डिसेंबर

प्रार्थनेत मन लागलं नाही. ती आजी डोळ्यांपुढून हलत नाही. शुक्रवार येतोच आहे.

मंगळवार, १० डिसेंबर

नवे कार्बन, नवे डायोड, नवा पट्टा. चावी फिरवली — लाल दिवा विझला! मीटरवर अठ्ठावीस. काजव्याने हेडलाइट, वायपर सगळं एकदम लावायला सांगितलं, हॉर्नही दाबायला लावला. आकडा जागचा हलला नाही. "घ्या, म्हातारी पुन्हा बोहल्यावर चढायला तयार!" म्हणाला. मीही हसलो.

पण दिवस मावळताना गाडी बाहेर काढून दिवे लावले. उजेड तसाच! मळकट, दुधात पाणी घातल्यासारखा. तडक काजव्याकडे वळवली. तो दुकान बंद करत होता. मी नको ते बोललो. जुना माल घातलास म्हणालो. त्याने दुकान पुन्हा उघडलं. हेडलाइटच्या मागे थेट तारेवर मीटर लावला. विजेचा दाब पूर्ण. माझ्या समाधानासाठी बल्बही बदलले, काचा पुसल्या.

"आता?"

"तसंच."

त्याने टॉर्च दातांतून काढली. माझ्याकडे बघत राहिला.

बुधवार, ११ डिसेंबर

हिला गाडीपुढे उभं केलं आणि दिवे लावले. "अहो, बंद करा! डोळे दिपले माझे!" म्हणाली.

मग मेहुणा माझ्या शेजारी चढून बसला. समोर गोदामाची भिंत, तिच्यावर पाटी.

"सुई पडली तरी सापडेल, दाजी. पाटीवरचा फोन नंबर वाचून दाखवू?" आणि त्याने वाचून दाखवला. सगळे आकडे.

मला पाटी कुठे आहे तेच दिसत नव्हतं. भिंत संपते कुठे तेही नाही.

"तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय की."

खोटं बोललो. आणि लगेच तो पांढरा दगड आठवला. त्या दिवशी दिवे गेले होते, कबूल. पण धुक्यात मी टॉर्च घेऊन उतरलो, तेव्हाही हाताने चाचपल्यावरच तो सापडला होता. हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

उद्या सिलिंडर भरायचे.

गुरुवार, १२ डिसेंबर

सिलिंडर भरून झाले. तिन्हीसांजेला दिवे लावून मी एकटाच गाडीपुढे जाऊन उभा राहिलो. दोन्ही हेडलाइटभोवती तेच कडं. आत निळसर, बाहेर तांबूस. मान फिरवली — रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याला होतं. शेजाऱ्यांच्या खिडकीतल्या बल्बलाही होतं.

आणि मी त्याला कृपा समजत होतो.

चावी मेहुण्याच्या हातात ठेवली. म्हटलं, पहाटे तू चालव, मी शेजारी बसून वळणं सांगतो — ती मला न बघता येतात. सिलिंडर उतरले की त्याच दवाखान्यात माझे डोळे दाखवू.

त्याने चावी खिशात घातली आणि पहिलं वळण कुठलं ते विचारलं.