रोजचा उपास

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला आज कंठ फुटतोय. हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणूनच लिहायची छाती झाली. लाज वाटते, दुसरं काय!

दुष्काळाचा तो उन्हाळा. सुट्टीत वस्तीवर राहून काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च कॉलेजनं द्यावा म्हणून तुम्ही प्रिन्सिपॉलांशी भांडलात आणि पहिलं नाव माझं घातलंत. पाथर्डीकडच्या मातंग वस्तीत महिनाभर राहायचं, खडी फोडणाऱ्या बायांना मजुरी पुरी मिळते का ते बघायचं. अट एकच, जेवायचं त्यांच्यातच. मी बागाईतदाराचा मुलगा, जातपात मोडायला निघालेला. मोठ्या तोंडानं हो म्हणालो. पहिल्याच संध्याकाळी, मी उतरलो होतो त्या घरच्या म्हातारीनं भाकरी पुढं केली आणि माझा हात काही उचलेना. तोंडातून निघून गेलं, "आजी, आज माझा उपास आहे." दुसऱ्या दिवशी तेच, मग रोजच. घरून आणलेले लाडू मी टेकाडामागं जाऊन खायचो. म्हातारी दिवसभर उन्हात खडी फोडून येताना माझ्या उपासासाठी शेंगदाणे, गूळ आणायची. ते मात्र मी खाल्लं. कच्चं कुणाच्याही हातचं चालतं ना आम्हाला!

आठवड्यानं तुम्ही आलात. तिची भाकरी चटणीशी खाताय, आणि ती कौतुकानं सांगतेय, "तुमचं पोरगं लई देवाचं हाय बगा. रोज उपास! आमच्यात येऊन बी नेम मोडला न्हाई." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी जमिनीकडे. एस.टी.ची वाट बघताना तुम्ही म्हणालात, "ख्रिस्ती व्हायच्या आधी माझे आजोबा असल्याच वस्तीत राहायचे. माझ्या घरी पोहे खाताना तुझा कुठला वार असायचा रे?" मी रडकुंडीला आलो. "आजपासून जेवतो, बाई. शप्पथ."

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आज बी उपास?" मी मान डोलावली. महिना तसाच काढला आणि अहवालात लिहिलं, 'त्यांच्यातच जेवलो.' ते वाचून तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. पुढच्या वर्षी माझंच उदाहरण देऊन आणखी दोघांचा खर्च मंजूर करून घेतलात. परवा कॉलेजनं मला बोलावलं होतं, यंदा वस्त्यांवर निघालेल्या मुलांशी बोलायला. एका मुलीनं विचारलं, "सर, त्या आजींची भाकरी कशी लागायची?" मी म्हणालो, "गोड." मला माहीत नाही, बाई.